अमेरिकेत बंदूक बाळगणं हा हक्क आहे, मग भारतात का नाही? आपल्याला स्वसंरक्षणाचा हक्कच नाही का?

स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे आणि तो चांगला भक्कम आहे. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: जीव वाचवण्याचा हक्क आणि हत्यार बाळगण्याचा हक्क. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे.

हत्याराचा इतिहास इंग्लंडमध्ये सुरू होतो, आणि गंमत म्हणजे तिथे तो हक्क नव्हताच, सक्ती होती. ११८१ साली दुसऱ्या हेन्रीने फर्मान काढलं की प्रत्येक स्वतंत्र माणसाने ऐपतीप्रमाणे शस्त्रं ठेवायची. श्रीमंताने चिलखत, शिरस्त्राण, ढाल आणि भाला. गरिबाने जाड अंगरखा, लोखंडी टोपी आणि भाला. राजाने बोलावलं की हजर व्हायचं. त्याच फर्मानात ज्यूंना चिलखत ठेवायला मनाई होती. ही ओळ मला फार महत्त्वाची वाटते, कारण शस्त्र कोणाच्या हाती द्यायचं आणि कोणाच्या नाही, हा भेद पुढे प्रत्येक टप्प्यावर दिसतो.

सक्तीचा हक्क झाला तो १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या संसदेने केलेल्या हक्कांच्या कायद्यात. दुसरा जेम्स हा कॅथलिक राजा प्रॉटेस्टंटांना निःशस्त्र करतो, ही तक्रार होती. म्हणून तो गादीवरून गेल्यावर लिहिलं गेलं की प्रॉटेस्टंट प्रजेला आपल्या बचावासाठी, आपापल्या दर्जानुसार आणि कायदा मुभा देईल तेवढी शस्त्रं बाळगता येतील. कॅथलिकांचं नाव त्यात नाही.

अमेरिकेतल्या वसाहतींनी हीच परंपरा सोबत नेली. १७७४ मध्ये इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जने तिकडे शस्त्रं आणि दारूगोळा पाठवण्यावर बंदी घातली. एप्रिल १७७५ मध्ये काँकर्ड गावातला वसाहतींचा शस्त्रसाठा जप्त करायला इंग्रज सैन्य निघालं, वाटेत लेक्सिंग्टनला गोळी सुटली आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. ही आठवण ताजी असतानाच १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आली, लोकांचा शस्त्रं बाळगण्याचा हक्क सांगणारी. तिची सुरुवात सुव्यवस्थित नागरी सेनेच्या गरजेपासून होते. घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा त्यात व्यक्तीचा हक्क आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने थेट म्हटलं ते २००८ साली, हेलर खटल्यात, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. आणि १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात मुख्य न्यायाधीश टॅनी यांनी काळ्या लोकांना नागरिकत्व नाकारताना एक कारण असं दिलं होतं की, मग त्यांना जातील तिथे शस्त्रं बाळगायचा हक्कही मिळेल.

आता आपल्याकडे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी शस्त्रं काढून घेतली आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. भारतीयाला परवाना हवा, गोऱ्याला मात्र सूट. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात याविरुद्ध ठराव केला. १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क चक्क लिहिलेला होता.

मग तो संविधानात का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. सरसकट हक्क दिला तर तो दरोडेखोरालाही मिळेल, हा एक मुद्दा. पण दुसरा मुद्दा मला जास्त खोल वाटतो: आग्रह धरायचा तर शस्त्र हाती घेण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरा, देशावर संकट आलं तर राज्याला नागरिकांना बोलावता आलं पाहिजे. ११८१ च्या फर्मानात हेच होतं, फक्त राजाच्या जागी आता प्रजासत्ताक आलं. दुरुस्ती फेटाळली गेली. आज कलम १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख आहे तो शांततेने आणि शस्त्रांविना जमण्याच्या हक्कात.

माझ्या आजोबांकडे कोकणात ठासणीची बंदूक होती. परवाना शेतसंरक्षणाचा, डुकरं आणि वानरांसाठी. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला ते डोक्यावर ऊन घेत चालत जायचे. अमेरिकेतला हक्क आणि आपल्याकडची परवानगी यांतला फरक मला त्या फेऱ्यांमधून कळला.

उरला जीव वाचवण्याचा हक्क. तो १८६० च्या दंड संहितेत, म्हणजे शस्त्र कायद्याच्या अठरा वर्षं आधीच, कलम ९६ ते १०६ मध्ये आला. या संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या आयोगाने १८३७ च्या मसुद्यात स्पष्ट म्हटलं होतं की या हक्कावर बंधनं वाढवण्यापेक्षा लोकांमध्ये धीटपणा जागवणं आम्हाला जास्त हवं आहे. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. रात्री घर फोडून कोणी आत शिरला तर प्रसंगी त्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. अट इतकीच की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडे जायला वेळ होता का, हे पाहिलं जातं. हातात काठी होती की कोयता की परवान्याची बंदूक, यावर तो हक्क अवलंबून नाही.