फाईलचं नाव 'फायनल_नवी_७'
परवा रात्री साडेअकराला तू पाठवलेली फाईल पाहिली. नाव वाचून हसू आलं, कारण मीही तेच करायचो. दोन ओळींच्या मेलमधला स्वल्पविराम इकडून तिकडे हलवत अर्धा तास घालवायचो आणि त्याला मेहनत म्हणायचो. खरं तर ती भीती होती, कुणी चूक काढेल याची. माणसं कमी आणि काम जास्त झालं की ती आणखी चेकाळते.

असं करत राहिलं की माणूस कामानेच पार करपून जातो, त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या न आवरलेल्या, रेंगाळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. खुणा तीन: गळून जाणं, कामाबद्दल तुसडेपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिसरी आपल्यासारख्यांना फसवते. आपण आणखी घासत बसतो.

काम हाती घेतानाच वरिष्ठांना विचार, 'कच्चं चालेल की पक्कं हवं?' बहुतेकदा कच्चं चालतं. पगाराचे आकडे असतील तर मात्र तीनदा तपास, तिथे सूट नाही. सुट्टी घे, पण परतल्यावर टेबलावर ढीग तेवढाच असेल तर आठवड्यात पुन्हा तिथेच येशील. ढीग कमी करून माग. मला ते तोंडाने मागायला चार वर्षं लागली.