गॉगलची फ्रेम घसरते

प्रश्न : धावताना घालायच्या गॉगलची फ्रेम मी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकमध्ये काढली. घाम आला की घसरते. गाडीत राहिली तर काड्या वाकतात. आता काय करू?

उत्तर : वाकणारच! पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि उन्हातल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथवर सहज तापतो. आकार ठरेपर्यंत पीएलए चालेल, रोज वापरायची फ्रेम नायलॉनमध्ये काढा. काडी प्रिंटरवर आडवी ठेवा. उभी काढली तर थरांच्या सांध्यात मोडते.

घसरण्याचं खापर एकट्या नाकावर फोडू नका. बरीचशी पकड कानशिलांवर असते. काड्या टोकाकडे किंचित आत वळवा, नाकाला मऊ रबर लावा, मग चेहऱ्यावर पाणी मारून जागच्या जागी उड्या मारून बघा.

पॉलिकार्बोनेटचा (पारदर्शक प्लॅस्टिकचा) सपाट तुकडा घरी तापवून लेन्स करायचा मोह मात्र आवरा (हौशी मंडळी हमखास इथेच अडकतात). त्यातून दृश्य वाकडं दिसतं, डोकं दुखतं. ८ बेस वक्रतेच्या (म्हणजे चेहऱ्याभोवती वळणाऱ्या, जास्त बाकदार), यूव्ही ४०० दर्जाच्या (अतिनील किरण अडवणाऱ्या) तयार लेन्स आणा आणि फ्रेम त्यांच्याभोवती बेता. वरच्या कडेला बारीक फट ठेवा, वाफ कमी धरेल.