पुण्यातल्या वाचनालयासाठी क्यूटीत (खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचात) केलेल्या आमच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ऑर्का हा स्क्रीन रीडर (अंधांना पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम) प्रत्येक आयकॉनला नुसतं ‘बटण’ म्हणतो. सुरुवात कुठून करू?

आधी प्रत्येक आयकॉनवाल्या बटणाला सेट-ॲक्सेसिबल-नेम या फंक्शनने नाव द्या: ‘पुस्तक परत’, ‘दंड भरा’ असं. रोज क्यूटीतच काम करतो म्हणून सांगतो, ऑर्का पडद्यावरचं चित्र बघत नाही. क्यूटी एटी-एसपीआय या (लिनक्सवर प्रोग्राम आणि स्क्रीन रीडर जोडणाऱ्या) यंत्रणेमार्फत जे नाव, भूमिका आणि स्थिती कळवतं तेवढंच तो बोलतो. नाव रिकामं असेल तर ‘बटण’च ऐकू येणार. ‘सभासद क्रमांक’सारखी लेबलं सेट-बडीने आपापल्या रकान्याला जोडा. खरं जिकिरीचं काम पेंट-इव्हेंट फंक्शनमध्ये स्वतः रंगवलेल्या विजेटचं, म्हणजे पडद्यावरच्या घटकाचं. तिथे क्यू-ॲक्सेसिबल-विजेटचा उपवर्ग लिहावा लागतो, आणि मूल्य बदललं की अपडेट-ॲक्सेसिबिलिटीने तसं कळवावंही लागतं. (साध्या विजेटवर भागत असेल तर तेच वापरा, उगाच हौस नको.) मग ॲक्सरसायझर (एटी-एसपीआयवर काय पोचतं ते दाखवणारं साधन) उघडून नावं पोचतात का ते पाहा. मात्र तिथे सगळं ठीक दिसलं म्हणजे सॉफ्टवेअर वापरता येतं असं नाही: माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने पुस्तक देवघेव करून बघा, आणि ऑर्का वापरणाऱ्यांनाच एकदा शेजारी बसवून ती करायला सांगा.