शेजारच्या आजींनी मिस्साला बोलावलंय

कॅनडातल्या मिसिसागाहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. शेजारी गोव्यातल्या म्हापशाकडच्या कॅथलिक आजी राहतात. ताईंच्या मुलांना शाळेतून त्याच आणतात, कोकणी-मराठी मिसळून गोष्टी सांगतात. यंदा त्यांनी अख्ख्या घराला नाताळच्या रात्री चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेला, बोलावलं आहे. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई जायला तयार आहेत, नवरा मात्र म्हणतो, ‘मुलं गोंधळतील.’

ताई, जा. सासूबाईंना तर नक्की न्या.

मी वांद्र्यात वाढले. आई चिपळूणची, सोमवार न चुकवणारी. धाकट्या भावाचा हात मोडला आणि प्लास्टर निघाल्यावरही कोपर सरळ होईना. तेव्हा आमच्या मजल्यावरच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईकडच्या कॅथलिक, मावशींनी आईला मोत माउलीला, म्हणजे वांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरीला, नवस बोलायला सांगितलं. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी तिथली जत्रा सुरू होते. आईने तिथल्या दुकानातून मेणाचा हात घेतला, वीतभर, पाचही बोटं नीट कोरलेला. उन्हाने मऊ पडू नये म्हणून वर पोचेपर्यंत तो पदराखाली धरला. माउलीपुढे ठेवला, डोळे मिटले. घरी येऊन रोजच्यासारखी सांजवात लावली, शुभंकरोति म्हटलं. मी आठ वर्षांची होते, सगळं बघत होते. आई हात जोडते तेव्हा मनापासून जोडते, एवढंच मला कळलं. मोठी माणसं दारामागे कुजबुजायला लागली की मुलं गोंधळतात, आणि आमच्या घरी कुणी कुजबुजलं नाही.

तुमच्या आजी तर म्हापशाच्या. तिथल्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि फेस्ताला, म्हणजे तिच्या सणाला, हिंदू भाविकही तिला तेल वाहतात. सासूबाईंना हे आजींच्या तोंडून ऐकू द्या. दोघींना बोलायला दुपार पुरणार नाही.

एक गोष्ट मात्र निघण्यापूर्वी घरात समजावून सांगा. मिस्साच्या उत्तरार्धात लोक रांगेने पुढे जातात आणि नाण्याएवढी पांढरी, पातळ भाकर घेतात. ती सगळ्यांना वाटायच्या प्रसादासारखी नसते. कॅथलिकांच्या श्रद्धेने ते ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि ते घेणारा कॅथलिक असावा लागतो. ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं, त्यामुळे सासूबाई अगदी भक्तिभावाने हात पुढे करतील आणि नकार मिळाला तर खट्टू होतील. बाकावर बसून राहिलात तरी कुणाला वावगं वाटत नाही. पुष्कळ चर्चमध्ये छातीवर हातांची फुली करून पुढे गेलं की धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. तिथली पद्धत आजींनाच विचारा, विचारलेलं त्यांना आवडेल.

तुमच्या पत्रातली दुसरी ओळ मला जास्त लागली. गणपतीत आजी आल्या, आरतीला उभ्या राहिल्या, टाळ्याही वाजवल्या, पण मोदक खाल्ला नाही. सासूबाईंच्या मनात ते अजून आहे. सासूबाईंना सांगा, त्यात आपल्या देवाचा अपमान नाही. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती लोकांत फार जुना आहे, बायबलमधल्या संत पौलाच्या पत्रातही त्याची चर्चा आहे. कुणी आनंदाने खातात, कुणी टाळतात. आपण एकादशीला साधा भात नाकारतो, तेव्हा भात वाढणारीवर राग थोडाच असतो? पुढच्या वर्षी विसर्जन झाल्यावर एखाद्या रविवारी खास आजींसाठी उकड काढा. ते मोदक त्या खातील असं मला वाटतं. नाही खाल्ले, तरी बोलवायचं थांबवू नका.

त्यांचेही उपासाचे दिवस लक्षात ठेवा. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी त्या मांस खाणार नाहीत, आपल्या श्रावणासारखंच. होळी बहुतेक त्याच काळात येते, तेव्हा पुरणपोळीचं ताट निःशंक पाठवा.

आता नवऱ्याचं. त्याची भीती हसण्यावारी नेऊ नका. उद्या कुणी धर्म बदलायची गळ घातलीच, तर स्पष्ट ‘नाही’ म्हणायचं, हे दोघांनी मिळून ठरवा. पण सणाचं आमंत्रण म्हणजे गळ नव्हे, आणि तीन वर्षं तुमच्या मुलांची दप्तरं उचलणाऱ्या बाईकडून तर नव्हेच. मुलांबद्दल त्याला खरंच काळजी असेल तर घरचा दिवा त्यानेच मुलांना जवळ घेऊन लावावा. संध्याकाळी दहा मिनिटं पुरतात.

नाताळच्या आधी गोव्याकडच्या घरांत नेवऱ्या होतात, म्हणजे आपल्या करंज्याच. एका दुपारी सासूबाईंना कातणं देऊन आजींच्या स्वयंपाकघरात पाठवा. सारणात खसखस घालायची की नाही यावर वाद होईल, होऊ द्या. आणि त्या रात्री अर्धा तास आधी निघा, नाताळला चर्चमध्ये बसायला जागा मिळत नाही.