हॉलचं कुलूप

"मॅडम, देवाचं काम करतेय, तरी मंडळीतलीच, आपल्या चर्चमधलीच माणसं अशी का वागतात? की देवालाच हे नकोय?"

चर्चच्या सेवेत असलेली माणसं हा प्रश्न मला फार वेळा विचारतात. त्यातल्याच एका ताईंची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई नगर जिल्ह्यातल्या, पेशाने शिक्षिका. गळीत हंगाम सुरू झाला की त्यांच्या गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. आईबाप पहाटेच कोयता घेऊन फडात जातात आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी दिवसभर धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरते. अशा पंधरा-वीस मुलांसाठी ताईंनी चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळचा वर्ग सुरू केला. एक गीत, प्रार्थना, वाचन, पाढे आणि शेवटी खिचडी. दीड महिना छान चालला. मग एका संध्याकाळी त्या खिचडीचं पातेलं घेऊन गेल्या, तर दाराला नवं कुलूप. मुलं पायरीवर बसलेली. ताईंनी मोटरसायकलचा दिवा लावून त्या उजेडात पाढे म्हणून घेतले, खिचडी वाढली आणि घरी येऊन मोरीत बसून रडल्या.

माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना तीन आठवडे नीट झोप नव्हती. छातीत धडधड होत होती, जेवण तुटलं होतं. आधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. प्रार्थना करणाऱ्या माणसालाही शरीर असतं, हे मंडळीत कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

त्यांच्या मनात दोन विचार आलटून पालटून येत. कधी वाटे, विरोध होतोय म्हणजे देवाची इच्छा नाही, सोडून द्यावं. कधी वाटे, विरोध होतोय म्हणजेच काम देवाचं, आणि आडवे येणारे सगळे सैतानाची हत्यारं. मला हे दोन्ही पटत नाही. नुसता विरोध झाला, एवढ्यावरून काम देवाचं आहे की नाही हे ठरत नाही. कोण, काय, कशासाठी म्हणतंय हे पाहावं लागतं.

म्हणून मी त्यांच्यापुढे वही ठेवली. "ताई, कोण काय बोललं ते त्यांच्याच शब्दांत लिहा. तुम्हाला काय वाटलं ते नको."

चार ओळी झाल्या. जाऊबाई : 'हिला मोठेपणा पाहिजे.' मंडळीच्या कमिटीतले एक पंच : 'हॉल मंडळीचा आहे, बाहेरच्यांचा नाही.' खजिनदार : 'लोक हिला पैसे देतात, पावती कुठंय?' आणि एका मुलीची आई : 'पोरगी अंधारात घरी येती. तिथं काय म्हणायला लावता, ते आम्हाला इचारलं का?'

शेवटची ओळ लिहिताना ताईंचं पेन थांबलं.

मग आम्ही बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक उघडलं. नहेम्या यरुशलेमेचा तट बांधत असताना सनबल्लट आणि तोबीया हे विरोधक चेष्टा करतात, कोल्हा चढला तरी भिंत ढासळेल म्हणतात. भेटीच्या बहाण्याने चार वेळा निरोप येतो. मी मोठ्या कामात आहे, येऊ शकत नाही, एवढंच नहेम्या कळवतो. हे भाग आपण उपदेशात खूप ऐकतो. मधला पाचवा अध्याय मात्र क्वचित ऐकू येतो. तिथे ओरड बाहेरच्यांची नाही, तट बांधणाऱ्या गरिबांची आणि त्यांच्या बायकांची आहे. शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली आहेत आणि व्याज घेणारे आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या या लोकांना शत्रू म्हणत नाही. तो संतापतो, मनाशी विचार करतो, सभा बोलावतो आणि उसनं देणाऱ्यांत स्वतःलाही धरतो. गहाण घेतलेलं परत द्यायला लावतो. तट ५२ दिवसांत पुरा झाला, त्यात हा अध्यायही आहे.

"मग यातलं सनबल्लटाचं कुठलं आणि पाचव्या अध्यायातलं कुठलं?" मी विचारलं. ताई बराच वेळ वहीकडे पाहत राहिल्या. "जाऊबाईंचं सोडून देते. पण पावतीचं खरंय, मॅडम. पैसे माझ्याच खात्यात येतात. आणि त्या आईला मी कधी भेटलेच नाही."

मला पंडिता रमाबाई आठवल्या. शारदा सदन या त्यांच्या निवासी शाळेतल्या काही मुली त्यांच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले आणि बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. रमाबाई थांबल्या नाहीत. पुढे केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला. पण रानडे, भांडारकर स्त्रीशिक्षणाचे वैरी नव्हते. मुलींच्या धर्मात हात घालणार नाही, या पालकांना दिलेल्या शब्दाची त्यांना काळजी होती. रमाबाईंवर माझं फार प्रेम आहे, म्हणूनच ही बाजूही मी ताईंना सांगितली.

ताईंनी पावतीपुस्तक छापलं, हिशेब पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, हाती दिला. रविवारी दुपारी कोप्यांवर गेल्या, चुलीपाशी बसल्या आणि प्रत्येक आईला सरळ विचारलं, "आमची प्रार्थना असते. तुमच्या लेकरानं बसावं का?" दोघींनी नको म्हटलं. त्यांची मुलं आता गीत-प्रार्थना झाल्यावर येतात, आणि खिचडी त्यांनाही तेवढीच मिळते. वर्ग अंधार पडायच्या आत सुटतो.

पंचांसाठी मात्र त्यांनी काही बदललं नाही. बाहेरची लेकरं नकोत, या म्हणण्यापुढे झुकायचं कारण नव्हतं. "त्या लेकरांसाठी मी पुन्हा विचारीन," एवढंच कमिटीपुढे शांतपणे बोलून आल्या. आवाज कापला, पण बोलल्या.

परवा त्यांचा फोन आला. कुलूप तसंच आहे. मुकादमाने कोप्यांजवळच पत्र्याची एक शेड दिली आहे. खजिनदार अजून बोलत नाहीत, पण पावती क्रमांक ११ त्यांच्या नावाची आहे.

"आणि झोप?" मी विचारलं.

"सहा तास लागते, मॅडम."