आधी तारखा लाव

प्रिय मित्रा,

तुझा व्हेनेझुएलावरचा मसुदा दोनदा वाचला. पहिल्याच ओळीत तू निकाल देऊन टाकला आहेस, की समाजवादाने देश बुडवला. सोबत पाठवलेल्या उत्तरात तुझी मैत्रीण म्हणते, अमेरिकेने गळा आवळला. दोघांचंही लिखाण तळमळीचं आहे. पण तू गोष्ट 1999 साली सुरू करतोस, समाजवादी नेते ह्यूगो चावेझ अध्यक्ष झाले तिथून. ती सुरू करते 2017 मध्ये, निर्बंधांपासून. जिथून सुरुवात केली तिथेच आरोपी सापडणार, हे ओघानेच आलं.

म्हणून आधी एक मोठा कागद घे आणि त्यावर फक्त तारखा लाव.

पहिली तारीख 1 जानेवारी 1976. तेलाचं राष्ट्रीयीकरण त्या दिवशी झालं, अध्यक्ष कार्लोस आंद्रेस पेरेझ यांच्या काळात, म्हणजे चावेझ यांच्या तेवीस वर्षं आधी. त्यातून निघालेली सरकारी तेल कंपनी पेदेवेसा पुढे बरीच वर्षं उत्तम चालली. मग 'सरकारी मालकी म्हणजे बुडीत धंदा' हे तुझं तिसऱ्या पानावरचं वाक्य कसं टिकणार? बोलिव्हियात अध्यक्ष इव्हो मोरालेस यांनी 2006 मध्ये नैसर्गिक वायू सरकारच्या ताब्यात घेतला. त्यांच्या पक्षाच्या नावातच समाजवाद होता, तरी पुढची कित्येक वर्षं तिथे महागाई आटोक्यात होती आणि परकीय चलनाची गंगाजळी वाढत होती. ती गंगाजळी नंतर आटली आणि देश अडचणीत आला, हेही लिही. लपवलंस तर समोरचा काढणारच.

माझं म्हणणं एवढंच, की मसुद्यात जिथे जिथे 'समाजवाद' आहे तिथे तो खोडून नेमका निर्णय लिही. एक निर्णय मीच उलगडून दाखवतो.

2003 च्या सुरुवातीला सरकारने डॉलरची खरेदी-विक्री आपल्या हातात घेतली. देशाबाहेर पळणारा पैसा थोपवायचा, हा हेतू समजण्यासारखा होता. पण तात्पुरता म्हणून आलेला उपाय वर्षानुवर्षं राहिला. 2014 मध्ये अन्न आणि औषधांच्या आयातीसाठी सरकारी दर होता डॉलरला 6.30 बोलिव्हार, म्हणजे तिथलं चलन. काळ्या बाजारात तो वर्षअखेरीपर्यंत शंभराच्या बराच वर गेला. आता हिशोब कर. ज्याची वर ओळख आहे, तो दूध पावडर आणतो म्हणून 1 लाख डॉलर मागतो आणि त्यासाठी 6 लाख 30 हजार बोलिव्हार भरतो. पावडर आणायचीच नाही, किंवा थोडी आणून बिल फुगवायचं. उरलेले डॉलर बाजारात विकायचे. शंभरचा दर धरला तरी सगळ्या रकमेचे 1 कोटी बोलिव्हार होतात, जवळपास सोळापट. एवढा नफा कागदावरच मिळत असेल तर कारखाना कोण चालवेल? दुकानांबाहेरच्या रांगांमागे हे गणित होतं, आणि ते मांडलं राजधानी कराकसमधल्या सरकारनेच. त्यात समाजवादाचा भाग किती आणि वरच्यांच्या लुटीचा किती, यावर वाद घाल. तो वाद खरा आहे.

तेल महाग असताना शिल्लक टाकली नाही, उलट कर्ज काढलं, हे तू नीट मांडलं आहेस, तिथे हात लावू नकोस. 2014 च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल 2016 च्या जानेवारीत तिशीखाली आलं. अर्थव्यवस्था आकसायला 2014 मध्येच सुरुवात झाली होती. अमेरिकेचे 2015 चे निर्बंध ठरावीक अधिकाऱ्यांवर होते. तेलावर घाव घालणारे निर्बंध अजून यायचे होते. मैत्रिणीच्या मांडणीला ही सर्वात मोठी अडचण आहे.

आता तुझ्या अडचणीकडे ये.

एप्रिल 2002 मध्ये चावेझ यांना दोन दिवसांसाठी पदावरून हटवलं गेलं, आणि तेव्हाच्या अमेरिकी सरकारने दोष चावेझ यांनाच दिला. परकीय हाताची त्यांची भीती हवेतली नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटी तेल कंपनीत संप झाला आणि सुमारे 18 हजार कर्मचाऱ्यांना काढून टाकलं गेलं. विहिरी ओळखणारी, यंत्रांच्या आवाजावरून बिघाड सांगणारी माणसं एका झटक्यात गेली. या प्रसंगाचं कारण एकाच रकान्यात लिहून दाखव बरं!

ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेने व्हेनेझुएलाला नवं कर्ज देण्यावर बंदी आणली. जानेवारी 2019 मध्ये थेट पेदेवेसावर निर्बंध आले. व्हेनेझुएलाच्या ओरिनोको पट्ट्यातलं तेल इतकं घट्ट असतं की नाफ्था हे हलकं तेल मिसळून पातळ केल्याशिवाय ते नळातून पुढे सरकत नाही, आणि तो नाफ्था अमेरिकेतून येत होता. तोही बंद झाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रोज तीस लाख पिंपांच्या वर असलेलं उत्पादन 2020 च्या मध्याला चार लाखांच्या आसपास उतरलं. निर्बंधांनी काहीच बिघडलं नाही असं म्हणशील, तर मी तुझ्या बाजूने उभा राहणार नाही.

आता एक आलेख नीट बघ. फ्रान्सिस्को रॉड्रिग्ज या व्हेनेझुएलाच्या अर्थतज्ज्ञाने शेजारच्या कोलंबियाचं आणि व्हेनेझुएलाचं तेल उत्पादन शेजारी ठेवलं. 2016 पासून दोन्ही रेषा एकत्र उतरतात. ऑगस्ट 2017 नंतर कोलंबियाची सावरते, व्हेनेझुएलाची कोसळते. तुझी मैत्रीण म्हणेल, झालं सिद्ध. पण नोव्हेंबर 2017 मध्ये चावेझ यांच्यानंतर अध्यक्ष झालेले मादुरो यांनी पेदेवेसा मानुएल केवेदो यांच्या हाती दिली, आणि या जनरलना तेलाचा अनुभव नव्हता. त्याच सुमारास कंपनीचे बडे अधिकारी अटकेत गेले. तीन महिन्यांत दोन धक्के, आणि रेषा एकच. त्यातला कोणता किती, हे तो आलेख एकटा सांगत नाही. मला हा आलेख फार मोलाचा वाटतो, कारण तिथे दोघांनाही थांबावं लागतं.

हेतू आणि परिणाम मात्र वेगळे ठेव. चिलीची अर्थव्यवस्था जेरीस आणा, असं अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी 1970 मध्ये सांगितल्याची नोंद उपलब्ध आहे. त्यानंतर तिथे सत्तेवर आलेलं समाजवादी आयेंदे सरकार तूट भरून काढायला नोटा छापत होतं, हेही खरं. एकाचा हेतू वाईट होता म्हणून दुसऱ्याची चूक पुसली जात नाही.

आणि नवव्या पानावर 2018 ची 1,30,060 टक्के महागाई तू टाळ्या घेण्यासाठी वापरली आहेस. हा आकडा व्हेनेझुएलाच्याच मध्यवर्ती बँकेचा आहे. अशा महागाईत महिन्याचा पगार हातात पडेपर्यंत वितळून जातो. सत्तर लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली, कित्येक जण पायी. त्यांच्या वाट्याला दोन्हीकडचे निर्णय आले. ते पान शांत आवाजात पुन्हा लिही.

तारखांचा कागद झाला की दोघं मिळून तो बघा, मगच पहिली ओळ लिही. पुढच्या रविवारपर्यंत मला पाठव.

अनेक आशीर्वाद.