बुटाला लिफ्ट लावलीय, मेडिक्लेमच्या फॉर्मवर लिहायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकचा, वय ३४. १९ वर्षांचा असताना बाईकवरून पडलो, डाव्या मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला तो अजून आत आहे. पाय दीड सेंटिमीटर आखूड राहिला, त्रास नव्हता. मागच्या वर्षी कंबर धरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी स्कॅनोग्राम (पायांची लांबी मोजायचा एक्स-रे) काढून डाव्या बुटाला लिफ्ट, म्हणजे उंची भरून काढणारा जाड थर, लावायला सांगितली, आता बरंय. बायको-मुलीसकट मेडिक्लेम घ्यायचाय, एजंट म्हणतो बुटाचं कशाला लिहिता, उगाच प्रीमियम वाढेल. काय करू?

उत्तर : दादा, लिहा. एजंटने सांगितलं तरी सही तुमची असते, क्लेमच्या वेळी तो समोर नसतो.

माझ्या मोठ्या भावाचा पाय पोलिओने आखूड, उंबऱ्याशी त्याची चप्पल लांबूनच ओळखू यायची, एका सोलखाली चांभाराने टायरचा जाड थर ठोकलेला. त्याच्या फॉर्मवर एजंटने सगळीकडे 'नाही' टिक केलं आणि पुढे गुडघ्याच्या ऑपरेशनचा क्लेम अडकला, कारण हॉस्पिटलच्या केस पेपरवर पहिल्याच ओळीत पोलिओ लिहिलेला होता. तेव्हाची वहिनीची धावपळ बघितलीय म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

कंपनीला लिफ्टशी देणंघेणं नसतं, ती कशामुळे लागली ते हवं असतं. अपघात की जन्मजात, फरक किती, रॉड आत आहे का, पुढे ऑपरेशन सांगितलंय का, कंबर-गुडघा-खुबा दुखतो का. दीड सेंटिमीटर आणि कंबर बरी, ही तशी साधी केस आहे. त्यावर कंपनी नेहमीच्या प्रीमियमवर घेईल, थोडं लोडिंग (जादा प्रीमियम) लावेल किंवा वेटिंग पिरियड (त्या दुखण्याचा क्लेम मिळत नाही तो काळ) टाकेल, आणि लोडिंग लावलं तर आधी तुमची संमती घ्यावी लागते. जन्मापासून पाय आखूड असेल तर मात्र पॉलिसीतलं 'एक्स्टर्नल कॉन्जेनिटल' हे कलम नीट वाचायचं, दिसणारं जन्मजात व्यंग बऱ्याच पॉलिसीत कव्हर नसतं. तुमचं अपघाताचं आहे, म्हणून फॉर्मवर अपघाताचं वर्ष आवर्जून टाका.

आता तुम्ही म्हणाल अपघाताला १५ वर्षं झाली. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमात पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेलं किंवा डॉक्टरांनी सल्ला-उपचार दिलेलं दुखणं 'आधीचा आजार' धरतात, आणि तुमचा स्कॅनोग्राम नि लिफ्टचा सल्ला मागच्याच वर्षीचा आहे ना, मग तो त्यात बसतो. शिवाय फॉर्मवर जुन्या ऑपरेशनचा प्रश्न असेल तर रॉडही सांगायचा, कितीही जुना असो. आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने, तेवढा काळ त्या दुखण्याचा खर्च मिळणार नाही, पण डेंग्यू झाला तर पहिले ३० दिवस संपले की चालतं आणि नवीन अपघाताला तेही थांबायला लागत नाही. म्हणजे खरं लिहून फार काही जात नाही हो! लपवलं तर क्लेम नाकारतात, पॉलिसी पण रद्द होऊ शकते. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की कंपनी जुनं उकरून काढू शकत नाही हे खरंय, पण फसवणूक सिद्ध झाली तर ती सूट नाही, आणि तुम्ही तर आता मुद्दाम लपवायचा विचार करताय, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र घ्या : अपघाताचं वर्ष, फरक किती, आत्ता दुखतंय का, पुढे ऑपरेशन सांगितलंय का. स्कॅनोग्रामचा रिपोर्ट आणि जुना डिस्चार्ज पेपर जोडा, फॉर्म पाठवायच्या आधी भरलेल्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. पॉलिसी हातात आली की ३० दिवसांचा फ्री लूक (वाचून बघायची, नको असेल तर परत करायची मुदत) असतो, त्यात तुम्ही सांगितलेलं सगळं आलंय का ते बघा, नसेल तर लगेच ईमेल करा.

लिफ्टचा खर्च साध्या मेडिक्लेममध्ये मिळत नाही, तो खिशातूनच. आणि कंपनीने मेडिकल तपासणीला बोलावलं तर बूट काढून उंची मोजा आणि तिथल्या डॉक्टरांना लिफ्ट स्वतःहून दाखवा.